सुटली म्हणा, बबनराव

बबनराव कुजबुजले तर दोन गल्ल्यांपलीकडची कुत्री उठून बसतात. साधं बोलले तर आमच्या चिखलीतले लेथवाले मशीन बंद करून विचारतात, "आम्हाला काही म्हणाले का?" असा हा माणूस गेल्या दिवाळीच्या आधी, एका दवाखान्याच्या पार्किंगमध्ये, दिवसाढवळ्या इतक्या हळू बोलला की हातभर अंतरावर उभ्या असलेल्या मला कान पुढे करावा लागला. जे ऐकलं त्याचा धक्का माझ्या अंगातून अजून गेलेला नाही. पण ते सांगायचं तर आधी बबनराव सांगायला हवेत, आणि बबनराव थोडक्यात सांगता येत नाहीत. ते थोडक्यात नाहीतच.

मूळचे इथलेच शेतकरी. जिथे त्यांच्या वडिलांची बाजरी उभी राहायची तिथे आता पत्र्याच्या शेड आहेत आणि त्यांत रात्रंदिवस नटबोल्ट पिकतात. रस्त्याकडेला तीन मजली इमारत, आईच्या नावाने बांधलेली: 'कस्तुरा निवास'. वर स्वतः राहतात, मधे आणि खाली भाडेकरू. माझं फ्लेक्स छापायचं दुकान समोरच, त्यामुळे बबनरावांचे सगळे वाढदिवस, सगळ्या निवडी आणि सगळे हार्दिक अभिनंदन माझ्याच मशीनमधून बाहेर पडलेले आहेत. त्यांच्या फोटोतली मिशी मी इतक्या वेळा काळी केली आहे की आता माझा हात आपोआप तिकडे जातो.

पूर्वी बबनराव पीत. पीत म्हणजे काय, तर पिऊन आले की स्वतःच्याच घराचं दार ठोठावून विचारत, "बबन्या हाय का घरात?" सुभद्राबाई, त्यांची बायको, आतून सांगत, "न्हाई. मेला!" मग बबनराव ओट्यावर बसून स्वतःच्या निधनाबद्दल खूप हळहळत आणि तिथेच झोपत.

बारा वर्षांपूर्वी त्यांच्या आईने, कस्तुराबाईंनी, मुलाचा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "घे माझी शपथ." बबनरावांनी घेतली. तिसऱ्या दिवशी आई गेली. त्यानंतर बबनरावांनी दारूचा थेंब घेतला नाही. एवढी गोष्ट अख्ख्या चिखलीला माहीत होती. एवढीच माहीत होती.

माणूस सुटला की दुसऱ्याला सोडवायला निघतो. बबनरावांनी गच्चीवर पत्रा टाकला आणि 'व्यसनमुक्ती शपथ केंद्र' काढलं. रविवारी सकाळी दहा वाजता कार्यक्रम असे. दारुड्याने बेलभंडारा उचलायचा, मग आपल्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायची, मग बबनराव नारळ फोडायचे, चहा व्हायचा आणि फोटो निघायचा. औषध नाही, प्रवचन नाही, वीस मिनिटांत माणूस मोकळा. खाली रस्त्यावर मी छापलेला भला मोठा फ्लेक्स: हात जोडलेले बबनराव आणि ठळक अक्षरांत '१३७ संसार सावरले!' हा आकडा बदलण्यापुरता वेगळा चौकोन मी चिकटवून देत असे. एकदा विचारलं, "बबनराव, सावरले हे कळतं कसं?" ते म्हणाले, "अरं, शपथ घेतल्यावर एक तरी परत आला का माझ्याकडं? सुटली म्हणूनच न्हाई आला ना!" मला हे पटलं होतं. खोटं कशाला सांगू?

अशा ह्या घरात त्या दिवाळीच्या आदल्या वर्षी जूनमध्ये खालच्या मजल्यावर एस्तर दीदी राहायला आल्या. पासष्टीच्या, काटकुळ्या, चाळीस वर्षं नर्सचं काम करून निवृत्त झालेल्या. इटारसीकडच्या. मुलगा चाकणला गाड्यांच्या कंपनीत लागला म्हणून इकडे आल्या. ही मंडळी क्वेकर. ख्रिस्ती लोकांतला हा छोटा पंथ, इटारसीच्या बाजूला त्यांची जुनी वस्ती आहे. ह्यांच्यात पाद्री नाही, गाणी नाहीत, घंटा नाही. रविवारी खुर्च्या गोल मांडून गप्प बसायचं. कुणाला अगदी आतून बोलावंसं वाटलं तर बोलायचं, नाहीतर तासाभराने शेजाऱ्याशी हात मिळवून उठायचं. दारू, जुगार, लॉटरी यांच्यापासून लांब राहायचं, पण त्यांत सापडलेल्या माणसापासून लांब राहायचं नाही, अशी त्यांची पूर्वापार रीत. दीदी आल्या आणि महिनाभरात दोन गल्ल्यांमधल्या चारपाच बाया, एक रंगारी आणि एक रिक्षावाला त्यांच्याकडे रविवारी येऊन बसू लागले. कुणाचा नवरा पीत होता, कुणी स्वतःच पीत होता.

पहिल्या रविवारी बबनरावांनी जिन्यातून पाहिलं. दाराबाहेर चपलांचा ढीग. आत माणसं माना खाली घालून बसलेली. कुणी हूं की चूं करत नाही.

बबनरावांना कळायचं ते कळलं. टोपी नीट केली, वर तोंड करून "अगं, खाली कुणीतरी गेलंय!" असं त्यांच्या मानाने हळू सांगितलं आणि आत जाऊन रिकाम्या खुर्चीत बसले. तासभर बसले. आईची आठवण येऊन दोनदा उपरण्याने डोळे पुसले. तास संपला, सगळ्यांनी एकमेकांचे हात हातात घेतले. बबनरावांनी दीदींचा हात धरून विचारलं, "माती कितीला?"

"कशाची माती?"

"म्हंजी, आणायचं कवा हाय? दवाखान्यातनं?"

तेवढ्यात सुभद्राबाई दुःखाच्या घरी न्यायचं म्हणून पिठलं-भाकरीचं टोपलं घेऊन दारात. कुणीच मेलेलं नाही हे कळल्यावर त्या नवऱ्याकडे अशा बघत राहिल्या की आता एक जाईल असं वाटावं. पण दीदी इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. मग सगळ्यांनी मिळून ते पिठलं संपवलं. तेव्हापासून दर रविवारी सुभद्राबाईंचं टोपलं खाली जाऊ लागलं. बबनराव मात्र तासभर गप्प बसल्याची भरपाई पुढे दोन दिवस करत होते.

दीदी आणि बबनराव यांचं खरं वाजलं ते दोनदा. पहिल्यांदा गणपतीत. बबनरावांच्या मंडळाच्या कमानीवर त्या वर्षी एका पत्त्यांच्या ॲपची जाहिरात होती: हसणारा तरुण, उडणाऱ्या नोटा आणि खाली मोबाइलने टिपायचा तो काळा-पांढरा चौकोन. त्याच कमानीच्या खांबाला बबनरावांच्या शपथ केंद्राचा फ्लेक्स. दोन्ही मीच छापलेले. मला त्यात काही खटकलं नव्हतं. अक्षरं दोन्हींकडे छान उठली होती.

दीदींनी मंडळाला पत्र लिहिलं. ओळीच्या कागदावर, नऊ जणांच्या सह्या. 'ही जाहिरात काढावी, हा जुगार आहे, आमच्या घरांत ह्याने नुकसान होत आहे.' मंडळाने पत्र हसण्यावारी नेलं. दीदींनी दुसरं लिहिलं. मग तिसरं, महापालिकेला. मग स्वतः कमानीखाली खुर्ची टाकून रोज संध्याकाळी तासभर बसू लागल्या. घोषणा नाही, फलक नाही. नुसत्या बसायच्या. येणारे-जाणारे विचारायचे, त्या सांगायच्या.

"बाई, पत्ते हायती ते!" बबनराव म्हणाले. "मी दारू सोडवतो. दारू वेगळी, पत्ते वेगळे. पत्ते तर दिवाळीत आमी घरात खेळतो."

"बबनभाई, दारूची बाटली कमानीला टांगली असती तर?"

"ती कशी टांगू? देवाचा मांडव हाय!"

दीदींनी कमानीकडे बोट केलं. बबनरावांना दुसरं काम आठवलं.

दुसऱ्यांदा वाजलं शपथेवरून. दीदींना कसल्यातरी कागदासाठी प्रतिज्ञापत्र हवं होतं. बबनराव घरमालकाच्या नात्याने सोबत गेले. टायपिस्टने 'शपथेवर लिहून देते की' असं ठोकलेलं. दीदींनी तेवढे शब्द खोडायला सांगितले. क्वेकर शपथ घेत नाहीत.

बबनरावांच्या हातातला चहा सांडला. "शपथ न्हाई? मंग तुमी खरं बोलता हे कळणार कसं?"

"शपथ घेतली की खरं बोलायचं, म्हणजे बाकी दिवस खोटं चालतं का? आमचं हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही. बस."

"अवो, माझा धंदाच शपथेचा हाय!"

"माहीत आहे," दीदी म्हणाल्या. "वरून नारळाचं पाणी आमच्या खिडकीत येतं."

हे असं वर्षभर चाललं. वर नारळ फुटत, खाली शांतता. आणि मग गेल्या दसऱ्याच्या आधी विजयश्री माहेरी आली आणि आईच्या गळ्यात पडून रडली.

विजयश्री ही बबनरावांची एकुलती एक मुलगी. तिचा नवरा रविराज चाकणला सुट्या भागांच्या कंपनीत तपासणीच्या कामावर. शांत पोरगा. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, म्हणून बबनराव त्याला चारचौघांत 'आमचे कोरडे जावई' म्हणत. तर हा कोरडा जावई वर्षभर मोबाइलवर पत्ते खेळत होता. कंपनीच्या बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, संडासात. आता तसली ॲपं बंद झाली असं लोक सांगत, पण रोज नव्या नावाची लिंक येत होती. बायकोच्या गळ्यातलं गेलं तेव्हा तिला कळलं. सुरुवात कुठून झाली असं तिने विचारलं, तर म्हणाला, "मामांच्या मंडळाच्या कमानीवर तो चौकोन होता ना, तिथून."

हे ऐकून मी दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसून राहिलो. ती कमान तीन दिवस मशीनवर होती. रंग जमावेत म्हणून त्या चौकोनाची प्रत मी मुद्दाम दोनदा काढली होती.

बबनरावांना मात्र एकच औषध माहीत. दसऱ्याच्या सकाळी गच्चीवर जावयाला बसवलं. टॉवेल-टोपी दिली, कारण जावई आहे. मग बेलभंडारा दिला, कारण जुगारी आहे. मग नातीला पुढे घेतलं. नात सहा वर्षांची, पहिलीतली, पणजीचंच नाव ठेवलेली: कस्तुरा. रविराजने हात मागे घेतला. बबनरावांनी तो धरून पोरीच्या डोक्यावर टेकवला.

त्याच वेळी दीदी जिना चढून आल्या. धापा टाकत होत्या. "बबनभाई, पोरीच्या डोक्यावरून हात काढा."

"का?"

"तिला ह्यात का बांधता? तो उद्या चुकला तर कुणाकडे जाईल?"

"चुकंलच कसा? पोटच्या पोरीच्या डोक्यावर हात हाय! तुमी खाली गप बसा, आमाला वर बोलू द्या. माझं घर, माझी नात, माझा जावई!"

रविराजने शपथ घेतली. नारळ फुटला. कस्तुराने डोक्यावरचा भंडारा झटकला आणि आजोबांना म्हणाली, "आबा, आता सुटली म्हणा."

आपल्याकडे पोरांत ही रीतच आहे. कुणी शपथ घातली की घालणाऱ्यानेच 'सुटली' म्हणायचं, म्हणजे बांधलेला मोकळा. नाही म्हटलं तर पोरं रडकुंडीला येतात.

"ह्या शपथेला सुटली नसती, बाळ," बबनराव म्हणाले.

मी फ्लेक्सवर १३८ चिकटवून आलो.

दिवाळी आठवड्यावर आली आणि कस्तुराला ताप भरला. डेंग्यू. दवाखान्यात दाखल केलं. पेशी उतरत होत्या. आणि त्याच दिवशी रविराज नाहीसा झाला. फोन बंद. कंपनीत नाही, घरी नाही. पोरगी मरणाच्या दारात आणि बाप पळाला! सुभद्राबाईंनी कपाळावर हात मारला. शेजाऱ्यांनी दुसरी बाई, तिसरी बाई, जे सुचेल ते काढलं. विजयश्री पोरीच्या खाटेजवळ बसून दाराकडे बघत होती.

बबनराव मला म्हणाले, "गाडी काढ. चाकणला जाऊ. त्याच्या कंपनीत आपला सयाजी हाय, त्याला ठाऊक असंल."

सयाजी हा मूळ धाराशिवकडचा, चिखलीतच राहून चाकणला प्रेसवर काम करणारा, बबनरावांच्या केंद्राचा पहिला शपथवीर. फ्लेक्सवर त्याचाच फोटो होता: पोराच्या डोक्यावर हात, डोळ्यांत पाणी. बबनराव त्याला पोरगाच मानत. गेल्या तीनेक वर्षांत तो भेटला नव्हता, म्हणजे अर्थातच छान चाललं होतं.

कांद्याच्या बाजाराचा दिवस होता, रस्त्यावर ट्रकांची रांग. शिफ्ट सुटली, गेटमधून माणसं बाहेर पडली. बबनरावांनी हाक मारली, "सयाजीऽऽ!" गेटवरचे दोन वॉचमन उभे राहिले. सयाजीने मान वळवली, बबनरावांना पाहिलं.

आणि पळाला.

मी आयुष्यात पुष्कळ माणसं पळताना पाहिली आहेत, पण पंचेचाळीस वर्षांचा, ढेरी सुटलेला माणूस कंपनीच्या लोखंडी नाकाच्या बुटांत, हातात डबा घेऊन कांद्याच्या ट्रकांमधून पळताना पाहिला नव्हता. मागे बबनराव, टोपी हातात. त्यांच्यामागे मी, का पळतोय हे न कळता. शेवटी सयाजी एका ट्रकच्या चाकाला टेकून बसला आणि दोन्ही हात जोडून ओरडला, "पोरगं बरं हाय माझं! हात जुळलाय त्याचा! आता काही म्हणू नका!"

"अरं, कसला हात?"

सयाजीने श्वास घेतला. "एकोणीस दिवस काढलो, बबनराव. तुमच्या पायाची आण, एकोणीस. विसाव्या दिवशी घेतली. त्याच दिवशी पोरगं सायकलीवरून पडलं, हात मोडला. मी म्हणलो, हे मीच केलो. त्या धसक्यानं पुन्हा घेतली. मग रोज."

"मंग माझ्याकडं का आला न्हाईस?"

"कोणत्या तोंडानं येऊ? पोराच्या डोक्यावरची शपथ मोडून? तुम्हीच म्हणलात, सुटत नाही म्हणून. मी तर सोडा, आम्ही सगळे मागच्या रस्त्यानं जातो, नाल्याच्या कडेनं. तुमचा बोर्ड दिसू नये म्हणून."

"सगळे म्हंजी?"

"सगळे म्हणजे सगळे. कधी संध्याकाळी जाऊन उभे राहा तिथं. तुमच्या केंद्राचा मेळावाच भरतो."

बबनराव ट्रकला टेकले. कांद्याच्या पोत्यातून एक कांदा सुटून त्यांच्या पायाशी आला, तो उचलून ते बराच वेळ हातात फिरवत राहिले. एकशे अडतीस. मी तो आकडा स्वतःच्या हाताने, कोपरे नीट दाबून चिकटवला होता.

"रविराज कुठं असंल?" शेवटी त्यांनी विचारलं.

सयाजी म्हणाला, "पोरगी आजारी हाय ना? मी त्या दिवशी दवाखान्याच्या बाहेर उभा होतो. आत गेलो नाही. मी हात लावला तर अजून काही होईल, असं वाटायलं होतं."

परतताना गाडीत बबनराव एक अक्षर बोलले नाहीत. मी दोनदा त्यांच्याकडे बघितलं. श्वास चालू होता.

दवाखान्याच्या पार्किंगमध्ये, रुग्णवाहिकांच्या मागे, सिमेंटचा बाक आहे. त्यावर रविराज बसला होता. दाढी वाढलेली, अंगात कालचाच कंपनीचा शर्ट. शेजारी एस्तर दीदी. सुभद्राबाईंचा डबा घेऊन येताना त्यांना तो सकाळी दिसला होता. त्यांनी विजयश्रीला वर जाऊन सांगितलं, "तो इथेच आहे," आणि खाली येऊन त्याच्याजवळ बसल्या. तेव्हापासून बसूनच होत्या. विचारलं नाही, समजावलं नाही. त्याच्या मांडीवर डब्यातली अर्धी भाकरी होती. त्याचा मोबाइल दीदींच्या पिशवीत होता. त्याने स्वतःहून दिलेला.

"मामा, मी आत येणार नाही," रविराज म्हणाला. "मी शपथ मोडली. आठ दिवसांपूर्वी. मग तिला ताप आला. मी लांब राहिलो तर ती वाचेल."

मला वाटलं, आता बबनराव गरजतील. खिडक्यांच्या काचा सांभाळा. पण ते बाकासमोर जमिनीवरच उकिडवे बसले आणि ते बोलू लागले, त्या आवाजात, ज्याच्यासाठी मला कान पुढे करावा लागला.

"मी आईच्या डोक्यावर हात ठेवला तो सोमवार हुता. बुधवारी दुपारी मी अर्धा गिलास घेतला. घरी येऊन आडवा झालो. उठलो तर आई गेल्याली."

रविराजने मांडीवरची भाकरी बाकावर ठेवली.

"कुणाला ठाऊक न्हाई. हिलापण न्हाई सांगितलं. बारा वर्षं झाली. मीच मारली तिला. म्हणून तर मी पुन्हा शिवलो न्हाई. मला वाटलं, भ्या हेच औषध हाय. मला लागू पडलं, सगळ्यांना पडंल. आन तेच मी पोरीच्या डोक्यावर..."

बारा वर्षं त्यांच्या मिशीला काळा रंग देणारा मी तिथे उभा होतो, आणि ह्या माणसाच्या आत काय आहे ह्याची मला एक ओळसुद्धा ठाऊक नव्हती.

दीदींनी विचारलं, "आईचं वय काय होतं, बबनभाई?"

"चौऱ्याऐंशी."

"आजार?"

"दमा. तीस वर्षांचा."

"मग त्या दम्याने गेल्या. चाळीस वर्षं मी वॉर्डात काढली. मरणाऱ्या माणसाच्या कागदावर सगळं लिहितात. मुलाने मोडलेल्या शपथेचा रकाना त्यात कधी नव्हता." मग त्या रविराजकडे वळल्या. "आणि पोरीला डास चावला. डासाला तुमची शपथ माहीत नाही."

मग त्या गप्प झाल्या. आम्हीही. रुग्णवाहिका आली, गेली. बबनराव स्वतःच्या मर्जीने गप्प बसलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो. पाचसात मिनिटांनी ते गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि जावयासमोर उभे राहिले.

"सुटली," ते म्हणाले.

रविराजने वर पाहिलं. "खरंच? शपथ घेऊन सांगा, मामा."

सवयीने बबनरावांचा हात गळ्याशी गेला. बोटांनी कातडी चिमटीत धरलीसुद्धा. मग त्यांनी दीदींकडे पाहिलं, हात खाली घेतला.

"व्हय म्हंजी व्हय. सुटली. मी घातली हुती, मीच सोडतो. जा पोरीकडं."

रविराज दोन पायऱ्या एकदम चढत गेला. आम्ही मागे. वॉर्डच्या दाराशी तो जरा अडखळला, विजयश्रीने आतून हात पुढे केला. कस्तुराच्या हाताला सलाईन, ओठ कोरडे. तिने बापाला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "पप्पा, मोबाइल द्या. कार्टून बघायचंय."

"माझा मोबाइल नाहीये, बाळा. दीदी आजीकडे दिलाय."

हे ऐकून विजयश्री, जी पोरीला दाखल केल्यापासून रडली नव्हती, भिंतीला टेकून ढसाढसा रडायला लागली. पोरगी पाचव्या दिवशी घरी आली. डॉक्टरांनी वेळेवर आणलंत म्हटलं. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला झाकण नव्हतं, ते बबनरावांनी त्याच दिवशी बसवलं.

सुभद्राबाईंना त्यांनी बुधवारची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "वास मला तवाच आला हुता. आत्तीबाईंनापण आला हुता. 'जाऊ दे, तिसराच दिस हाय, हळूहळू सुटंल,' म्हणल्या त्या मला. आन मंग निजल्या." बबनरावांनी हे पुन्हा सांगायला लावलं. मग आणखी एकदा. बारा वर्षं एका घरात राहून दोघांनीही एकमेकांपासून तेच लपवलं होतं.

फ्लेक्स उतरवला. मी म्हटलं, नवा छापू का? ते म्हणाले, "गप."

पण केंद्राचे एकशे सदतीस लोक बाकी होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, कंपनीच्या बसमधून माणसं उतरायच्या वेळेला, बबनराव नाल्याकडच्या मागच्या रस्त्यावर जाऊन उभे राहिले. लोकांनी त्यांना पाहिलं आणि तोच प्रकार! धावपळ, डबे वाजतायत, एकजण तर भिंतीवर चढला. आणि त्यांच्यामागे बासष्ट वर्षांचे बबनराव, धोतराचा सोगा हातात धरून, अख्ख्या चिखलीला ऐकू जाईल अशा आवाजात: "अरं थांबा! सुटली! समद्यांची सुटली रंऽऽ!" त्या भिंतीवरच्या माणसाला तिथेच रडू फुटलं. त्याला खाली उतरवायला शिडी आणावी लागली.

आता वर नारळ फुटत नाही. खाली खुर्च्या कमी पडतात म्हणून बबनरावांच्या लग्नकार्यातल्या खुर्च्या आणल्या आहेत. सयाजी येतो. मंडळाने यंदा कमानीच्या जाहिरातीला नकार दिला. त्या बैठकीत बबनराव बोलले, त्यामुळे मतदानाची गरज पडली नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी मीही बसलो होतो. वीस मिनिटं झाली असतील. रविराज उभा राहिला. खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून म्हणाला, "मंगळवारी मी परत खेळलो. शेजाऱ्याच्या मोबाइलवर." आणि खाली बसला.

सगळ्यांच्या नजरा बबनरावांकडे. त्यांचा चेहरा आधी तांबडा, मग जांभळा. मानेच्या शिरा फुगल्या. तोंड उघडलं. सुभद्राबाईंनी त्यांचा गुडघा धरला. तोंड मिटलं. भिंतीवरच्या घड्याळात चाळीस मिनिटं बाकी होती, आणि ती चाळीस मिनिटं बबनराव कसे बसले ते मी पाहिलं आहे. कढईवर झाकण दाबून धरावं तसे.

तास संपला. हात मिळवायची वेळ झाली. बबनराव तडक रविराजसमोर गेले, त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि अगदी हळू, फक्त त्यालाच ऐकू जावं अशा बेताने विचारलं, "पुढच्या रविवारी येणार ना?"

"येणार."

बबनरावांच्या ओठांवर 'शप' एवढं आलं. ते त्यांनी गिळलं, आणि मान हलवली.

दोन गल्ल्यांपलीकडे कुत्री उठून बसली होती.